पात्याचं पोट

रविवारी जुन्या बाजारात, कुंभारवेशीच्या अंगाला,
कुलपं, लायटर, बंद घड्याळं मांडून मी बसतो.
पिसाळबाई आल्या. पर्समधून रुमाल काढला,
रुमालातून चाकू.
"सासऱ्यांचा. पलटणीतून इटलीला गेले होते, लढाईत.
शिकलगार, किती येतील?"

आधी मी ऐकतो.
पातं उघडलं तशी पाठीची कमान
टक् म्हणाली, एकदाच.
नकली चाकू दोनदा बोलतो.

मग मूठ उन्हात धरली. शिंगच.
आतून कोऱ्या चहाच्या रंगाची शीर गेलेली.
तरी सुई तापवून आतल्या बाजूला टेकवली;
केस जळल्याचा वास आला,
बाईंनी नाकाला पदर लावला.
स्क्रू एकही नाही. पितळी खिळे,
ठोकून घासलेले, नखाला लागत नाहीत.
पात्याच्या बुडाशी शिक्का, अंगठ्यानं झिजलेला:
एम, ए, मधलं गेलेलं, शेवटी जी, ओ.
मानियागो. चाकू करणाऱ्यांचं गाव आहे तिकडे.
मी लोणावळ्यापलीकडे गेलेलो नाही.

इथवर किंमत चढत होती.

मग पातं आडवं धरलं.
पोट गेलेलं.
धार लावून लावून खाल्लेलं,
उपासाला बसल्यासारखं पातं.
शौकीन लोक निम्मे पैसे इथंच कापतात.
"कुणी लावली एवढी धार?"
जरा चिडूनच विचारलं.
"रास्ता पेठेत दारावर एक सायकलवाला यायचा.
दुसऱ्या कुणाच्या हातात सासरे द्यायचे नाहीत."

मी पातं पुन्हा फिरवलं.
उतार एकाच बाजूला. डावखुऱ्याचा.
बुडाशी जवाएवढी जागा सोडलेली,
शिक्क्याला चाक लागू नये म्हणून.

ही जागा सोडायला मला अब्बांनी शिकवलं.
चुकलो की मनगटावर पट्टी बसायची.
चार आण्याला एक धार,
सायकल स्टँडवर, पाय पायडलवर,
ठिणग्या लुंगीवर.

"मग?"

खरं तेच सांगितलं.
पातं भरलेलं असतं तर अठरा हजार.
असं आहे, म्हणून आठ.
ज्यानं दहा हजार खाल्ले
त्याचं नाव सांगितलं नाही.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
कुणीतरी लायटर उचलून तीनदा पेटवून पाहिला, ठेवला.
मग त्यांनी चाकू मिटला, रुमालात गुंडाळला.
"सध्या राहू दे म्हणते."
मी म्हटलं, सांध्यात तेल घाला,
शिलाई मशीनचं. खोबरेल नको, गोठतं.
"आणि धार?"
आहे तेवढी पुरे, म्हटलं.
आता कुणाला लावू देऊ नका.