बिनमाशाचं पाणी

नळ नवव्या दिवशी आला
तेव्हा पहिली घागर बाजूला काढली,
रात्रभर उघडी ठेवली
ब्लीचिंगचा वास उडून जाईपर्यंत.

आधी चुकलेच.
शेतातली काळी माती घातली तळाशी,
दोन दिवस टाकीत नुसता चहा.
मग दुधनेची वाळू, धुतली सहा पाण्यांनी,
सहाही पाणी कढीपत्त्याला.
दगडाला शिवणदोऱ्यानं जावा फर्न बांधलं,
तहसीलच्या आवारातलं
बदामाचं वाळकं पान सोडलं,
आणि थांबले.

सुदामतीबाई रोज डोकवायच्या.
"मासा कुठंय?"
यायचाय.
"मग इतकं पाणी कामून अडकवलं, माय?"
अठरा लिटर, मी मापून सांगितलं.
त्या काही बोलल्या नाहीत,
मनात घागरी मोजल्या असाव्यात.

तेविसाव्या दिवशी परभणीहून सेलूच्या गाडीत
ओढणीच्या सावलीत धरून आणला त्याला,
झाकणाच्या पेल्यातून.
जांभळा. शेपटी म्हणजे
वाऱ्यावर वाळत टाकलेला इरकली पदर.
एक फेरी मारली, पानाखाली गेला,
वर येऊन हवेचा एक घोट घेतला,
मग काचेत कुणीतरी दिसलं
तर कल्ले फुगवून त्याच्याशीच भांडत बसला.
मी मागून वर्तमानपत्र चिकटवलं,
भावफलकाचं पान. सोयाबीन, तूर.
भांडण मिटलं.

आता रविवारी चार तांबे पाणी बदलते.
मासा कसाय, हे सुदामतीबाई विचारत नाहीत.
तेलाचा रिकामा डबा घेऊन
दारात उभ्या राहतात,
"त्याचं उष्टं सांडू नको,
मेथी लई उठलीय."