काचेचं वजन

कुताइसीत, आमच्या पाच मजली इमारतीच्या अंगणात
सकाळी साडेसातला हाक येते,
"मात्सोनीऽऽ!"
आणि बाल्कन्यांतून दोऱ्या सुटतात,
टोकाला टोपल्या.

नाझिब्रोला गावाकडून येते, पहिल्या मिनीबसने.
दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत बरण्या,
बरण्यांत चमचा उभा राहील असं दही.
कालची बरणी आज धुऊन परत करायची,
हा करार कुणी कधी कागदावर उतरवलेला नाही.

माझ्या ओट्याखाली तेव्हा
एक पिशवी होती, पिशव्यांनीच भरलेली.
पावाची, बटाट्यांची,
एकट्या लिंबाचीसुद्धा एक.
त्या वर्षी रिओनीचं पाणी उतरलं
तेव्हा पुलाखालच्या झुडपात
एक पिशवी फडफडताना दिसली,
हिरव्या क्रॉसची. मी नोकरी करते
त्या औषधांच्या दुकानाची.
कदाचित माझ्याच हातून गेलेली.

शपथ वगैरे घेतली नाही.
दुसऱ्या दिवशी पाव आणायला
उशीचा जुना अभ्रा नेला, एवढंच.
भट्टीवरचा जुंबेर म्हणाला,
"उशी आणलीस, आता पांघरूण कधी आणतेस?"
रांग हसली. मीही हसले.
पाव मात्र अभ्र्यात जास्त वेळ गरम राहिला.

मग साली गेल्या तळमजल्यावरच्या कोंबड्यांना,
चहाचा चोथा गेला जिरेनियमला,
पर्समध्ये घडी घालून कापडी पिशवी आली,
आणि कचऱ्याचा डबा घेऊन मी
आठवड्यातून एकदाच जिना उतरू लागले.
खोटं कशाला सांगू, थोडी शेफारलेच.
शेजाऱ्यांच्या डब्यांकडे
तिरक्या नजरेने बघायला लागले.

मार्चमध्ये नाझिब्रोला आली
तर हातात प्लास्टिकचे डबे.
पांढरे, हलके, टचकन झाकण बसणारे.
मी वरून ओरडले, "तूसुद्धा?"

तिने वर पाहिलं.
झगा वीतभर उचलला,
गुडघ्याला लोकरी पट्टी गुंडाळलेली.
"काच जड असते गं.
वीस भरलेल्या घेऊन यायच्या,
वीस रिकाम्या घेऊन जायच्या.
तुझी टोपली दोरीने वर जाते.
मी पायांनी चालते."

दोरी माझ्या हातात तशीच राहिली.
माझ्या घरातून काय बाहेर जातं
ते मी मोजत होते, ग्रॅम ग्रॅम.
घरात येणारं कुणाच्या खांद्यावरून येतं,
तो रकाना माझ्या वहीत नव्हताच.

संध्याकाळी जिन्यात बोलणं झालं,
अर्धं भांडण, अर्धी चर्चा.
चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, आम्हाला डबेच बरे.
असू देत.
तिसऱ्या मजल्यावरच्या वारलामने
माळ्यावरून नातवाची बाबागाडी काढली,
एका चाकाला तेल पाजलं,
दुसरं आजही किंचाळतं.

आता मंगळवार माझा.
सात वाजून दहा मिनिटांनी मी थांब्यावर असते.
बरण्या गाडीत बसतात,
आपटू नयेत म्हणून
एकेका बरणीला एकेक मोजा,
जोडीदार हरवलेले सगळे कामी आले.
नाझिब्रोला शेजारून चालते, मोकळ्या हातांनी,
आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नाही.

भांडं रिकामं परत करू नये म्हणतात.
वारलाम बरणीत अक्रोड घालतो.
मी एकदा गुडघ्याच्या मलमाची डबी घातली.
ती केव्हा फुटली, देव जाणे.
दुसऱ्या दिवशी अंगणात उभी राहून
तिने माझा उद्धार केला:
"झाकणाचा वास जाईना!
कापरात कधी विरजण लागतं का?"

ती बरणी आता माझ्या खिडकीत आहे,
झाकणाशिवाय.
पाण्यात पुदिन्याची काडी,
तिला तीन मुळं फुटलीत.
मलम तिने घेतलं की नाही,
मी विचारलं नाही.
काल मात्र बाबागाडीमागे ती चालत होती
तेव्हा वाऱ्याला
कापराचा वास होता.