कुंडी क्रमांक चौदा

शेवटचा पाऊस कधी झाला
हे कुईसेबच्या काठी कुणी तारखेनं सांगत नाही.
माझा भाऊ एफ्राइम म्हणतो,
तांबड्या शेळीला जुळी झाली, त्या साली.
ती शेळी आता नाही. जुळीही नाहीत.
नदीत पाणी नाही,
तरी आम्ही तिला नदीच म्हणतो.

मी साल्मीना. मी मुळं धुते.
संशोधन केंद्रात त्याचाच पगार मिळतो मला.
वाळूच्या डोंगरावरून गवत खणून आणायचं,
टँकरनं आलेल्या पाण्यात बुचकळायचं,
कण न् कण उतरवायचा,
मग उघडं मूळ तराजूवर.
(एफ्राइमला हे पाणी मी किती ते सांगत नाही.)

पण हे गवत सहजी उघडं होत नाही.
मुळावर वाळूची बाही असते,
घट्ट, अंगाबरोबर,
शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखी.
नखानं खरवडली
तर नखाखाली चिकट काहीतरी उरतं,
डिंकाहून पातळ, लाळेहून दाट.

भिंगाखाली पहिल्यांदा दिसले
तेव्हा मी विचारलं, हे कोण?
डॉक्टर हाल्व्होर्सन हसले.
कोण नाही साल्मीना, काय म्हणायचं.
मग त्यांनी नावं सांगितली, लांबलचक, लॅटिन.
ज्यांना इतकी मोठी नावं आहेत
त्यांना काय कसं म्हणायचं?

गवत त्यांना साखर देतं.
स्वतःच्या घशाला कोरड असताना
मुळाच्या टोकाशी थेंब सोडतं.
ते साखरेचा डिंक करतात,
डिंकात वाळू गुंतते,
वाळूत पहाटेचं धुकं, जेवढं खाली झिरपेल तेवढं.
कोण कुणाचं देणं लागतं
तो हिशेब अजून माझ्याच्यानं जुळलेला नाही.

माझी आई वॉल्विस बेला मासळीच्या कारखान्यात होती.
घरी आली की हात घासायची,
लिंबानं, राखेनं, शेवटी दगडानं.
वास जायचा नाही. कातडी जायची.
माझ्या कानामागेही तिचा तो दगड फिरलेला आहे.
तिला हे भिंग दाखवायचं राहून गेलं.

सप्टेंबरात प्रयोग मांडला. वीस कुंड्या.
दहांत वाळू होती तशी, मळकी.
दहांत वाफेवर तीन तास उकडलेली,
जिवंत असं काहीही न उरलेली.
मग पाणी बंद.
माझं काम रोज सकाळी पाती मोजायची.

नवव्या दिवशी उकडलेल्या कुंड्यांत
पाती सुरळी होऊन आडवी पडली.
एक उपटून पाहिली: मूळ पांढरं, नितळ,
वाळूचा एक कण अंगाला लागलेला नाही.
आईला आवडलं असतं.
मळक्या कुंड्या काही हिरव्यागार नव्हत्या,
खोटं कशाला सांगू,
पिवळ्याच होत्या, पण उभ्या होत्या.

अकराव्या दिवशी चौदा नंबरच्या कुंडीत
एकच पातं उरलं.
त्यानं काय केलं होतं माझं, माहीत नाही.
चहाचा चमचा घेतला,
शेजारच्या कुंडीतली मळकी वाळू चमचाभर उचलली
आणि चौदाच्या मुळाशी लोटली.
उरलेली बोटांना लागली होती. झटकली नाही.

मग वही उघडली.
तारीख लिहिली, तापमान लिहिलं,
धुकं: सकाळी सातपर्यंत.
आणि खाली, डॉक्टरांना वाचता येईल अशा अक्षरात:
कुंडी क्रमांक चौदा बाद.
कारण: मी.

पातं जगलं का, असं एफ्राइम विचारतो.
बाद कुंडीची नोंद ठेवत नाहीत, मी सांगते.
ती खिडकीत आहे.