मोजणी

सोमवारी पाणंदीवर आडवी टाकून गेले
एक काळी रबरी नळी, करंगळीएवढी,
आणि फेलिमच्या फाटकाला साखळीनं जखडली
करड्या रंगाची पेटी.
ती गाड्या मोजते म्हणे.
नेमकं सांगायचं तर आस मोजते,
दोन आस म्हणजे एक गाडी.

आमच्याकडे पूर्वी माप वेगळं होतं :
एक गाय उभी, एक गाय आडवी,
तेवढा रस्ता रुंद.
त्या मापानं आजही बरोबर भरतो.

फाटकावरच पिवळी नोटीस,
प्लास्टिकच्या पिशवीत, आतून घामेजलेली :
खालच्या शेतात एक्केचाळीस घरं.
हरकत घ्यायला पाच आठवडे
आणि वीस युरो.

सभा झाली चर्चमागच्या हॉलमध्ये.
डिम्प्ना म्हणाली, वळणावर दुधाचा टँकर आला
की मी आरसा दुमडते
आणि पोट आत ओढून धरते,
जसं काही गाडी माझ्या पोटानंच रुंद झालीय.
सगळे हसले. फेलिमसुद्धा,
दाराजवळ, टोपी हातात.
त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं,
पण त्याच्या चहात दोन चमचे साखर
कुणीतरी न विचारता घातली होती.

तो एवढंच म्हणाला :
"माझी उना गॉलवेत एका खोलीत राहते, दोन पोरं घेऊन.
शेत विकत घेऊन नुसतं गवत वाढवणार
असं कोणी असेल तर सांगा."
चमचे बशीत वाजत राहिले.

मग कॉनलेथ मास्तर उठले. निवृत्त, पण खडू अजून बोटांत.
"रस्ता आधीच भरलाय असं दिसलं
तर घरं होणार नाहीत. तेव्हा, दिसू दे."

तो आठवडा आम्ही सगळेच वेड्यासारखे हिंडलो.
डिम्प्ना अंड्यांसाठी दिवसातून चारदा.
मॅलकीचा ट्रॅक्टर, मागे रिकामा ट्रेलर,
कारण त्याला आस जास्त.
मास्तर नळीवरून पुढे, मग मागे, मग पुढे,
खोडरबर फिरवावा तसे.
मीही. रात्री अकराला, सपाता घालून,
दिवे न लावता.

निकाल टपालानं आला.
रस्ता अतिशय वर्दळीचा आढळला,
सबब रुंदीकरण आवश्यक.
दोन्ही बाजूंची वई काढावी,
पाखरांची घरटी रिकामी झाल्यावर, सप्टेंबरात.
घरं अडतीस. शिवाय पदपथ.

कुणी कुणाला फोन केला नाही.

माझा बंगला सगळ्यांत वरचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा.
जुनी कागदपत्रं बघायला कचेरीत गेले होते,
तिथं त्याची फाईल निघाली. आत एक हरकत :
"या बांधकामानं पाणंदीचा स्वभाव बदलेल."
अक्षर ओळखीचं, टपोरं, फळ्यावरचं.
मी ते पान परत ठेवलं.
मास्तरांनी दिलेलं रुबार्बचं रोप
माझ्या दारात अजून फुटतंय.

नळी काढून नेली. खिळ्यांची दोन भोकं राहिली.
फेलिमची म्हातारी गाय मात्र
तिथं आली की अजून थबकते,
एकेक पाय उंच उचलते,
नसलेल्या वस्तूवरून सांभाळून पलीकडे टाकते.
मागे मी, इंजिन बंद करून.
एक गाय उभी.
आडवीला आज जागा आहे.