डावा गाल

जिम्माच्या हॉस्टेलात आमची खोली चौदा नंबर,
सहा खाटा, एक खिडकी.
खिडकीखाली अबेनेत.
संध्याकाळ झाली की त्याचा डावा गाल फुगायचा,
दाढ सुजावी तसा,
आणि उशाशी केळीच्या पानात
खातची ओली जुडी.
कोवळी पानं तो खुडून घ्यायचा,
जून देठ खाटेखाली.
सकाळी केर मी काढायचो. तो झोपलेला असायचा,
किंवा झोपल्यासारखा.

पहिल्या वर्षी हे नव्हतं.
पहिल्या वर्षी तो लवकर आडवा व्हायचा
आणि आईचा फोन चुकायचा.
आई बैरुतला, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात.
मालकीण निजली की रात्री दोनला
तिचा तास सुरू व्हायचा.
आमच्या घड्याळात तेव्हा आठ;
आम्ही अंधार पडल्यापासून मोजतो.
ती नळ सोडून ठेवायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
आम्हा सहाही जणांना तो नळ पाठ होता.
"जागाच आहेस?"
"अभ्यास करतोय."
"माझं पोर ते," ती म्हणायची, पाण्यातून,
आणि महिनाअखेर पैसे पाठवायची जागरणाचे.
जुडी त्यातूनच यायची.

बापाला या वेळेचा पत्ता नव्हता.
त्याचा फोन रविवारी दुपारी, अराकेच्या दुसऱ्या पेल्यानंतर:
पैसे आले का, किती आले.
तिसऱ्यानंतर तो रडायचा. मग अबेनेत फोन
माझ्या हातात कोंबून बाहेर जायचा
आणि मी त्या माणसाला परीक्षांबद्दल काहीबाही सांगायचो.

मध्ये एक बाई आल्या, विभागाकडून, फॉर्म घेऊन.
नाव लिहू नका म्हणाल्या.
पाला का चघळता?
अभ्यास, मित्र, मजा, इतर.
अबेनेतनं अभ्यासावर खूण केली.
"इतर"पुढे बोटभर रेघ होती.
पेन तिथं थोडा वेळ टेकलं,
निळा ठिपका उमटला, तेवढंच.

फेब्रुवारीत आई परत आली. कायमची.
हात सोलवटलेले, पण आली.
देब्रे बिरहानच्या घरी आता
ती कोंबड्यांबरोबर झोपते,
म्हणते, बारा वर्षांची थकबाकी आहे.
आम्हाला वाटलं, सुटला हा.

पण दोन वाजतात.
गाल भरलेला, डोळे टक्क,
मोबाइल छातीवर पालथा.
खालच्या बाजारात जुडीवाली आता उधार देते,
आणि पहाटे डोळा लागावा म्हणून
वर तो दोन घोट घेतो. कसले, आम्ही विचारत नाही.
रविवारच्या फोनला वास असता
तर हाच असता.

काल रात्री कॉरिडॉरच्या टोकाला
पाणी वाहत होतं.
टाकी रिकामी होईल म्हणून मी उठलो.
तो कपडे धुण्याच्या कट्ट्यावर बसला होता, अंधारात,
नळाकडे कान करून.
मी तोटीला हात घातला.
राहू दे, तो म्हणाला.