चळत

बोटाच्या पेराएवढा तुकडा,
गुळाच्या ढेपेचा तळाचा थर असतो तसा रंग.
कुपीवर नाव नाही, आकडा: एकोणचाळीस, ब.
कुठल्याशा थंड वाळवंटातल्या गुहेत
गुडघे छातीशी घेऊन बसलेली बाई,
दोन हजार वर्षं.
तिच्या करंगळीचा हा भाग
कुरियरने म्हसरूळला आला,
सोबत सही करायचे तीन कागद.

सोडा, फॉर्मॅलिन, अल्कोहोल.
तीन दिवस भिजत ठेवलं.
सुके बोंबील भिजवतात तसं, खैरनार म्हणाला
आणि लगेच कानाला हात लावला.
मी हसले नाही. पण उपमा चुकीची नव्हती.
कातडं फुगलं, मऊ झालं,
ओळखीचं वाटेल इतकं.

आमच्या गावात मेलेलं काही उरत नाही.
रामकुंडात अस्थी सोडल्या
की साडेतीन तासांत त्यांचं पाणी होतं,
असं गुरुजी सांगतात, रिक्षावाले सांगतात,
बाहेरगावचे पाहुणे आले की मीही सांगते,
पदवी खिशात ठेवून.
दादांना सोडलं तेव्हा मी पायरीवर थांबले होते
घड्याळ बघत.
तासाभराने भावाने हाक मारली,
पार्किंगवाला ओरडत होता.

दादा हिवताप खात्यात.
सुरगाणा, पेठ, बाऱ्हे, सायकल जाईल तिथवर सायकल,
पुढे पाय.
दाराशेजारी भिंतीवर गेरूने तारीख लिहायची,
तापलेल्या माणसाचं बोट टोचायचं,
थेंब काचेवर, दुसऱ्या काचेने ओढायचा.
जिभेसारखा आकार आला पाहिजे, म्हणायचे.
घरी कुणी आलं की माझंच बोट पुढे करायला लावायचे,
आपला हात किती हलका ते दाखवायला.
मथुरा भोये नावाच्या एका मुलीची काच
त्यांनी परत केलीच नाही खात्याला.
हिवताप नव्हता तिला.
पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या.
याला काही नाव असतं
हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आज पातळ काप निघाला.
रंग, पाणी, तेलाचा थेंब, शंभराची लेन्स.
आधी नुसती माती.
मग बुरशी.
मग एका बारीक नळीत, एकमेकींना टेकून,
सातआठ जणी.
आक्रसलेल्या, कडा चुरगळलेल्या,
तरी मध्ये तोच खळगा,
कणकेच्या गोळीवर अंगठा दाबावा तसा.
नाण्यांची चळत.
करंगळीच्या टोकाकडे निघाल्या होत्या.
वाटेत हृदय थांबलं,
त्यांना कुणी कळवलं नाही.

खैरनारला हाक मारायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
पाच मिनिटं.
मग सांगेन.

संध्याकाळी घाटावर
एक पोरगा दोरीला लोहचुंबक बांधून
कुंडात सोडत होता, ओढत होता.
नवी नाणी चिकटतात, जुनी नाही, म्हणाला.
मग जुनी कशी काढतोस?
पायानं. बोटांना कळतं.
त्याच्या पाण्यात दादाही होते, विरघळलेले,
किंवा गाळात, किंवा खाली एकलहऱ्याला,
मला काय माहीत.

घरी माळ्यावरून लाकडी पेटी काढली.
खाचाखाचांत काचा, उभ्या,
मथुरेची पहिल्या खाचेत.
शेवटच्या खाचेत एक, पेन्सिलीने लिहिलेली:
पुष्पी, वय ७, ताप नाही.
उजेडाकडे धरली. जीभ नीट ओढलेली.
आणि कडेला, माझ्याच रक्तात,
त्यांच्या अंगठ्याचा ठसा,
अर्धाच, पण रेषा मोजता येतील असा.

काच हातात आली की आधी पुसायची,
तीस वर्षांची सवय.
पदराचं टोक बोटांत आलंही होतं.