चूकदुरुस्ती

लॉरेन्सो मार्किसच्या बंदरात तेव्हा
क्रेनचा आवाज थांबला तरच लोक वर बघत.
मी 'फारोल'मध्ये बोटींचं सदर लिहायचो:
आली, गेली, काय भरलं, किती टन.
बारीक टाइप, पान सहा,
खाली माशांचा भाव.

उल्देरिको भेटायचा सलूनमध्ये.
तोंडाला साबण फासून आम्ही आरशातून बोलायचो.
न्हावी बहिरा होता,
किंवा बहिरेपणाचा पगार घेत होता.
मला हवी होती त्याच्या माणसांची नावं,
त्याला बोटींच्या वेळा.
मी खरा कुणाचा, हे एकट्या संपादकाला ठाऊक.
फाउश्तिनो म्हणाला होता,
"युद्ध संपलं की पहिलं पान तुझं.
तोवर हातचं राखून दे."

हातचं राखूनच दिलं.
एलेनी कारास, ग्रीक बोट, सुकं खोबरं आणि घायपात,
बुधवारी रात्री सुटणार होती.
मी सांगितलं: गुरुवारी, पहाटेच्या भरतीला.
पाणबुडी येईल तेव्हा समुद्र रिकामा,
आणि माझी बातमी चुकलेली, पण इतकीच
की पुढच्या खेपेला पुन्हा विचारावं.

बुधवारी दुपारी सात नंबरच्या क्रेनची साखळी तुटली.
फिटर झेफनियाश तेंबे तापाने घरी.
साखळी जोडेस्तोवर
पहाट.

मी धक्क्यावर होतो.
बोटीचा आचारी माझी काडेपेटी मागून घेऊन गेला,
"येताना देतो" म्हणाला.
मी ओरडणार होतो. खरंच.
त्याआधी नुसता खाकरलो,
तर गोदामाच्या सावलीत
न्हाव्याने मान वळवली.

बावीस वर्षं टनाटनाची दोनदा खात्री केली,
एकदाच विचार करून खोटं बोललो
आणि समुद्राने त्यातलं अक्षर वाया जाऊ दिलं नाही.

उल्देरिकोने पाकीट जाड केलं:
"तुमची बातमी पक्की असते."
हेच वाक्य फाउश्तिनोचं, नोकरीच्या पहिल्या वर्षातलं.
बातमीदार म्हणतात मला
दोन्हीकडचे.

रविवारी सदरात एक ओळ गेली:
एलेनी कारास, पुढल्या बंदरातून खबर नाही.
तिच्याखालची अजून खणात आहे,
खिळे जुळवलेले, शाई न लागलेले:

सदर बोट गुरुवारी पहाटे सुटेल
असे आमच्या बातमीदाराने कळवले होते.
ते चूक होते.
गुरुवारऐवजी
कृपया बुधवार वाचावे.